धोक्याचा नाद आणि उतारवयाचे कान

पहाटे साडेपांचचा सुमार. आजोबांच्या उशाशीं ठेवलेलें लहानसें घड्याळ चिवचिवूं लागतें. पलीकडच्या खोलींत झोंपलेली नात जागी होते, सून जागी होते, शेजारच्या बिऱ्हाडांतील कुत्रें भुंकूं लागतें. पण ज्यांच्यासाठीं गजर लावला ते आजोबा मात्र शांतपणें घोरत असतात. शेवटीं नात उठून येते, घड्याळ बंद करते आणि त्यांना हलवून म्हणते, "आजोबा, उठा ना! केव्हांपासून वाजतें आहे!" आजोबा उठून बसतात आणि प्रामाणिकपणें उत्तर देतात, "वाजलेंच नाहीं." दोघेंही खरेंच बोलत असतात. घरांतील मंडळी हंसतात, आणि हा प्रसंग म्हातारपणाच्या खात्यावर जमा होतो.

तो पहाटेच्या गजरापुरताच असता, तर त्यावर चार शब्द खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु घड्याळाच्या या चिवचिवाटाच्याच जातीचे नाद आतां धूर झाला, गॅस गळला, दार उघडें राहिलें, मोटार मागें येत आहे, अशा नाना सूचनांसाठीं योजलेले असतात. अमेरिकेंत अगर ऑस्ट्रेलियांत तर घरोघरीं छताला धुराची सूचना देणारें एक वाटोळें यंत्र बसविलेलें असतें. मुलाकडे सहा महिन्यांसाठीं गेलेल्या आईला त्याची ओळख पुष्कळदां पहिल्याच आठवड्यांत होते: मिरचीची फोडणी तडतडली कीं यंत्र किंचाळतें, आणि सून टॉवेल घेऊन त्याच्याखालीं वारा घालूं लागते. दिवसां ही करमणूक ठरते. रात्रीं खरोखरच आग लागली, तर जागें होऊन बाहेर पडण्यास अवघीं कांहीं मिनिटें मिळतात. आणि अमेरिकेंत अशा आगींना बळी पडणाऱ्यांत वृद्धांचें प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानानें अधिक आढळतें. त्याला हालचालींतील मंदपणा, आजार, औषधांची गुंगी अशीं पुष्कळ कारणें आहेत. एक कारण मात्र यंत्राच्या पदरीं घालावें लागेल. तें ज्या स्वरांत हांक मारतें, तो स्वर वृद्ध कानांस पारखा झालेला असतो.

नुसत्या नादांत तांतडी कशी भरली जाते, हें जुन्या शाळांतील शिपायाला कोणी न शिकवतां ठाऊक असे. एक तास संपला कीं तो टांगलेल्या पितळी तासावर एक टोल देई, आणि शाळा सुटण्याच्या वेळीं तोच तास त्याच हातोड्यानें घणघण बडवीत राही. धातु तोच, स्वर तोच. फरक केवळ दोन ठोक्यांमधील अंतराचा. पण पहिल्या टोलाला मुलें सावकाश वह्या मिटीत, आणि दुसऱ्या वेळीं दप्तरें सांवरीत दाराकडे धांवत. (शाळा सुटण्यास तांतडीचा प्रसंग म्हणावें कीं नाहीं, हें मुलांनाच विचारावें!)

शिपायाची ही विद्या शास्त्राच्या कसोटीला लागली ती विमानांच्या निमित्तानें. केंब्रिज येथील रॉय पॅटर्सन या संशोधकानें १९८२ सालीं ब्रिटिश प्रवासी विमानांतील सूचनानादांविषयीं मार्गदर्शक नियम लिहून दिले. त्या काळीं वैमानिकाच्या खोलींत घंटा, भोंगे आणि शिट्ट्या यांची इतकी गर्दी झाली होती, आणि त्या इतक्या मोठ्यानें व एकाएकीं वाजत, कीं संकट कोणतें हें पाहण्यापूर्वीं आधीं हा गोंगाट बंद कसा करावा याचीच वैमानिकाला चिंता पडे. पॅटर्सन यांनीं सांगितलें कीं, सभोंवारच्या गोंगाटांत नाद जेमतेम ऐकूं येण्यास जेवढी पातळी लागते, तीहून तो १५ ते २५ डेसिबल वर असावा. त्याहून अधिक मोठा करून कांहीं साधत नाहीं.

पुढें १९९१ सालीं प्लिमथ येथील ज्यूडी एडवर्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नादांतील एकेक गुण बदलून, कोणता नाद किती तांतडीचा वाटतो हें लोकांना विचारलें. स्वर उंच केला तर तांतडी वाढते. ठोके जलद केले तर वाढते. नाद थोडा बेसूर, कर्कश केला तरीही वाढते. यांतील कशाचा परिणाम किती, याचा हिशेब एलिझाबेथ हेलिअर यांनीं एडवर्दी यांच्यासमवेत १९९३ सालीं मांडला, आणि त्यांत शाळेचा शिपाईच जिंकला असें म्हणावें लागतें. ठोक्यांची गति थोडीशी वाढविली तरी तांतडीची जाणीव पुष्कळ वाढते. नुसता स्वर चढवून तेवढाच परिणाम साधावयाचा, तर तो फारच चढवावा लागतो. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे, कारण वार्धक्याचा घाला नेमका चढ्या स्वरांवर पडतो.

त्याचें कारण कानाच्या रचनेंत आहे. कानाच्या अगदीं आंत, गोगलगाईच्या शंखासारखी सुमारें अडीच वेढ्यांची एक नळी असते. ती उलगडून सरळ केली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या आंतील पडद्यावर अति सूक्ष्म केसांच्या पेशी ओळीनें मांडलेल्या असतात. ध्वनीची लाट नळींत शिरली कीं हा पडदा सर्वत्र सारखा हालत नाहीं. उंच स्वरांनीं तो दाराशींच हेलावतो, आणि खर्जाच्या स्वरांनीं पार टोकाशीं. ही लाट कशी चालते हें गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें, आणि त्याबद्दल त्यांस १९६१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पेटीच्या पट्ट्यांप्रमाणें कानांतही स्वरांच्या जागा ठरलेल्या आहेत, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

या पेशी दोन प्रकारच्या. प्रत्येक कानांत सुमारें ३,५०० पेशी मेंदूकडे वर्दी पोंचवितात. आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या सुमारें १२,००० पेशी हलके आवाज वाढवून त्यांच्या हवालीं करतात. एकदां नष्ट झालेली पेशी मनुष्याच्या कानांत पुन्हां उगवत नाहीं. वयोमानानें ही झीज सुरू होते ती बहुधा दाराच्या बाजूनें, म्हणजेच उंच स्वरांच्या बाजूनें. आणि जन्मभर मागांच्या खडखडाटांत अगर रहदारीच्या गोंगाटांत ज्यांनीं काम केलें, त्यांची झीज अधिक लवकर होते. तरुणपणीं दर सेकंदास २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो असें पाठ्यपुस्तकांत लिहिलेलें असतें. तो वरचा मजला हळूहळू, एकेक खोली करून, बंद होत जातो.

इतका हळू, कीं घरच्या माणसालाही तें कळत नाहीं. खालचे स्वर शाबूत असतात. दाराची थाप, वाफाळणाऱ्या पातेल्यावरील झांकणाचा खडखडाट, रिक्षाची घरघर, सारें पूर्वींसारखेंच ऐकूं येतें. बोलण्यांतील अ, आ, ओ हे स्वर खालच्या कंपनांचे, म्हणून कोणी बोललें हेंही कळतें. पण स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा सूत्कार वरच्या कंपनांत असतो, आणि तोच गळून गेल्यामुळें 'सात' म्हटलें कीं 'हात' ऐकूं येतें. 'ऐकूं येतें, पण उमगत नाहीं' ही वृद्धांची तक्रार अक्षरशः खरी असते. ती ऐकणाऱ्यांना मात्र तो बहाणा वाटतो.

धुराची सूचना देणाऱ्या सर्वसाधारण घरगुती यंत्राचा स्वर दर सेकंदास सुमारें ३,१०० कंपनांचा असतो. संगीताच्या भाषेंत सांगावयाचें, तर पांढरी एक धरून गाणाऱ्याच्या तार षड्जावर आणखी दोन सप्तकें चढावें, आणि तेथील पंचम लावावा, तेव्हां हा स्वर सांपडेल. साध्या पेटीवर त्यासाठीं पट्टीच नसते. मनगटी घड्याळांतील चिवचिव तर बहुधा याहूनही वरची, ४,००० कंपनांच्या आसपासची. हा स्वर कोणी दुष्टबुद्धीनें निवडला असें नव्हे. बाहेरच्या कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांबीची असते, आणि पोकळ बांबूंत फुंकर घुमावी तसा तिच्यांत ३,००० कंपनांच्या आसपासचा स्वर घुमतो. त्यामुळें निकोप कान तेथें सर्वांत तिखट. शिवाय रुपयाएवढी पातळ चकती अगदीं थोड्या विजेवर हा स्वर पुष्कळ मोठ्यानें काढूं शकते, म्हणजे यंत्र लहान, बॅटरी लहान आणि किंमतही लहान. अमेरिकन कसोटीप्रमाणें दहा फुटांवर ८५ डेसिबल आवाज भरला कीं काम झालें. हिशेब चोख होता. मात्र तो करतांना कान तरुण माणसाचा धरला होता.

वृद्ध माणसाला हा नाद मुळींच ऐकूं येत नाहीं असेंही नाहीं. दिवसां, जागेपणीं, त्याच खोलींत तो पुष्कळांना ऐकूं येतो, पण कसा? दूर कोठें तरी, तिसऱ्या घराच्या परसांत, रातकिडा किरकिरावा तसा. नाद कानीं पडणें आणि उठावेंसें वाटणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाद मोठा वाटला तर तांतडी वाटते, जवळ वाटला तर ती आपल्यासाठीं वाटते. येथें दोन्ही खुणा गळून पडतात. सुनेच्या कानांत जी किंकाळी शिरते, तीच सासूबाईंच्या कानांत किरकिर होऊन पोंचते. मग सासूबाई जागच्या उठल्या नाहींत, तर त्यांना आळशी अगर बेफिकीर म्हणण्यांत काय हंशील? त्यांना जेवढें सांगण्यांत आलें, तेवढ्याला त्यांचें वागणें अगदीं योग्य होतें.

झोपेंत ही अडचण दुणावते. कानांत घालावयाचें श्रवणयंत्र रात्रीं काढून डबींत ठेवलेलें असतें. एक कान उशींत रुतलेला असतो. खोलीचें दार लोटलेलें असतें. आणि बंद दार खालच्या स्वरांपेक्षां वरच्या स्वरांना अधिक अडवितें. (शेजारी रेडिओ लागला असतां भिंतींतून गाण्याचे शब्द येत नाहींत, पण तबल्याचा डग्गा येतो, हा सर्वांचा अनुभव आहे.)

मेलबर्न येथील व्हिक्टोरिया विद्यापीठांत डोरोथी ब्रक व इअन टॉमस यांनीं हा प्रश्न प्रत्यक्ष झोंपलेल्या माणसांवर तपासला. वृद्ध स्त्रीपुरुषांना झोंप लागली कीं निरनिराळे नाद हलक्यापासून मोठ्यापर्यंत चढवीत न्यावयाचे, आणि जाग केव्हां येते तें टिपावयाचें, अशी ही रीत. २००६ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रचारांतील चढ्या स्वराच्या यंत्राला वृद्धांस जागें करण्यासाठीं इतर सर्व नादांपेक्षां अधिक मोठ्यानें वाजावें लागलें; आणि ५०० कंपनांपासून वरच्या अनेक स्वरांचें मिश्रण असलेला नाद सर्वांत लवकर जाग आणूं शकला. पुढील प्रयोगांत ५२० कंपनांचा एक विशिष्ट नाद सरस ठरला. तो बांसरीसारखा निर्भेळ नव्हे. त्यांत मूळ स्वराबरोबर तिप्पट, पांचपट, सातपट कंपनांचे स्वर मिसळलेले असतात, त्यामुळें कानाची एक जागा निकामी असली तरी दुसरी तो टिपते. त्याची उंची पाहिली तर तो वर सांगितलेला तार षड्जच! विशेष म्हणजे चढ्या किंचाळीला न उठणारीं लहान मुलें आणि मद्य घेऊन झोंपलेले तरुण यांच्यावरही खालच्या स्वराचा हा नाद अधिक लागू पडला. म्हातारपणाचें दुखणें म्हणून जें शोधूं लागावें, तें सर्वांच्याच उपयोगीं पडावें, असें शास्त्रांत अनेकदां घडतें.

या संशोधनाचा परिणाम कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोंचला. अमेरिकेंतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या संहितेनें १ जानेवारी २०१४ पासून हॉटेलें, वसतिगृहें वगैरे ठिकाणच्या निजण्याच्या खोल्यांतील अग्निसूचक व्यवस्थेसाठीं ५२० कंपनांचा नाद आवश्यक ठरविला. घरगुती यंत्रांत मात्र जुना चढा स्वरच अजून बहुतेक ठिकाणीं चालू आहे; कारण खालचा स्वर तितक्याच मोठ्यानें काढावयाचा तर चकतीऐवजीं मोठा ध्वनिक्षेपक लागतो, वीज अधिक लागते, आणि किंमत वाढते.

यावर कोणीही सरळ उपाय सुचवील: स्वर तोच ठेवावा आणि आवाज वाढवावा. हा उपाय जितका सरळ दिसतो तितका तो चुकीचा आहे. हलके आवाज वाढवून देणाऱ्या पेशी झिजल्या, तरी मोठे आवाज पूर्वींइतकेच मोठे लागतात. त्यामुळें ऐकूं न येणें आणि असह्य होणें यांमधील अंतर फार अरुंद होतें. याचें प्रत्यंतर घरोघरीं येतें. आजी म्हणते, "जरा मोठ्यानें बोल ग." सून आवाज चढविते, आणि लगेच ऐकून घेते, "ओरडतेस कशाला? बहिरी का आहें मी?" आजीचा यांत कांगावा नसतो; पहिला आवाज खरोखर पोंचला नव्हता, आणि दुसरा खरोखर टोंचला. शिवाय मध्यरात्रीं एकाएकीं कानाशीं कर्णा फुंकला, तर वृद्ध माणूस दचकून उठावयाचा; चटकन् उभें राहतांना रक्तदाब उतरून त्याचा तोल जाण्याची भीति आहे. आगीपासून वांचविण्यासाठीं खुब्याचें हाड मोडणें हा सौदा कांहीं बरा नव्हे.

शिपायाचा हातोडा येथें कामीं येतो. अमेरिकेंत १९९६ पासून धुराच्या सूचनेला एक ठराविक लय दिलेली आहे: अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तीन ठोके, त्यांमध्यें तेवढाच विराम, आणि तिसऱ्या ठोक्यानंतर दीड सेकंद शांतता. घरांत साठणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडसाठीं चार जलद ठोके असतात. स्वर वयाबरोबर हरवतो, पण अशी ठसठशीत लय खालच्या स्वरांतही सांगतां येते आणि वृद्ध कानांनाही मोजतां येते. ठोके भलतेच द्रुत केले तर मात्र ते घुमणाऱ्या खोलींत एकमेकांत कालवले जातात, तेवढें पथ्य पाळावें लागतें.

नादाची तांतडी कानांत जितकी असते तितकीच ती आठवणींतही असते. डिसेंबर १९७१ च्या युद्धांत मुंबईंत ज्यांनीं बालपणीं काळोखांत भोंगा ऐकला, ते आतां साठीच्या आसपास अगर पुढें आहेत. वरखालीं हेलकावणारा भोंगा म्हणजे धोका, आणि सलग, एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला, हें त्यांना घटवून शिकविलें गेलें होतें. ७ मे २०२५ रोजीं नागरी संरक्षणाची तालीम म्हणून मुंबईसह देशांतील अनेक शहरांत भोंगे वाजले, तेव्हां या पिढीला त्याचा अर्थ नव्यानें सांगण्याचें कारण नव्हतें. भोंग्याचा स्वर खालून वर चढत जातो, सबंध वाटेवर तो कोठें ना कोठें कानाला गांठतोच. आणि त्याच्या चढउताराला अर्थ आधींच चिकटलेला आहे. याउलट २०२३ सालीं सरकारनें आपत्तीच्या इशाऱ्याची चांचणी म्हणून लक्षावधि मोबाइलांवर एक अपरिचित नाद वाजविला. ही योजना स्तुत्यच आहे. परंतु त्या नादामागें अद्याप कोणतीही आठवण नाहीं, आणि ज्या यंत्रावर दिवसभर जाहिराती, शुभेच्छा आणि बँकेचे निरोप सारख्याच टिंगटिंगाटानें येतात, त्यावरील नादाला वृद्धांनीं दचकून उठावें ही अपेक्षा जरा मोठीच म्हणावी लागेल. 'लांडगा आला रे' ही गोष्ट सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली असते. दर फोडणीला किंचाळणाऱ्या यंत्राची बॅटरी काढून ठेवणारे गृहस्थ तीच गोष्ट नव्यानें घडवीत असतात.

महाराष्ट्रांतील बहुतेक घरांच्या छताला धूरसूचक यंत्र नाहीं. पण उंच इमारतींच्या जिन्यांत तीं आलीं आहेत, गॅस गळतीचीं यंत्रें स्वयंपाकघरांत येत आहेत, आणि तापमापकापासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत सारीं उपकरणें त्याच चढ्या स्वरांत बोलतात. असें यंत्र घेतांना दुकानांत तें वाजवून पाहण्याचें काम घरांतील तरुणांनीं न करतां वडीलधाऱ्यांनीं करावें, हें बरें. ज्यांना श्रवणयंत्र लागतें त्यांच्यासाठीं उशीखालीं अगर गादीखालीं थरथरणारी चकती मिळते. ती कानाला वगळून सरळ अंगालाच जागें करते.

मोबाइलमध्यें गजराचे पंधरावीस निरनिराळे नाद असतात. ते तपासावयाचे तर रविवारची दुपार पुरे. श्रवणयंत्र काढून, एक कान उशींत आणि पाठ दाराकडे करून आजोबांनीं पडून रहावें. नातीनें शेजारच्या खोलींतून एकेक नाद हलक्यापासून चढवीत वाजवावा, आणि ऐकूं येतांच त्यांनीं हात वर करावा. कोणत्या नादाला हात सर्वांत आधीं वर गेला, एवढें टिपून न थांबतां, कोणता ऐकून उठावेंसें वाटलें हेंही नातीनें विचारून घ्यावें. खोलीचें दार मात्र त्या वेळीं रात्रीं असतें तसेंच लोटलेलें असावें.